फलकाआधी वही

तुमच्या प्रश्नाचा मला कळलेला मथितार्थ असा. हायस्कूलच्या माजी विद्यार्थी संघाने आजवर वारलेल्या माजी विद्यार्थ्यांची कायमची आठवण ठेवायचं ठरवलं आहे. प्रवेशद्वाराशी संगमरवरी फलक लावावा असं बहुतेकांचं मत पडलं आहे. नावं कशी मिळवायची, कुणाची घ्यायची आणि कुणाची नाही, यावर मात्र समितीचं एकमत होत नाही. मी एका शाळेच्या संघासाठी हेच काम २३ वर्षं करते आहे. त्या बळावर आधी एवढंच सांगते, की फलकाची ऑर्डर अजून देऊ नका. आधी वही करा. सुटी पानं घालता येतील अशी, एका माणसाला एक पान.

पहिल्या वर्षी आम्हालाही वाटलं होतं की दोन महिन्यांत यादी पुरी होईल. ती आजही पुरी झालेली नाही. दर वर्षी नवी नावं येतात, आणि त्यांतली काही तर तीस वर्षांपूर्वी गेलेल्यांची असतात, आम्हाला कळतात ती आत्ता. शिवाय बॅच जसजशी वयाने वाढते तसतसा यादीचा वेगही वाढतो. १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिलं, की प्रौढ वयात मृत्यूचा धोका वयाबरोबर गुणाकाराने वाढतो. हल्लीच्या हिशेबाने तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. म्हणजे चाळिशीच्या बॅचमध्ये वर्षाला जितकी माणसं जातात, त्याच्या जवळजवळ चौपट ५६व्या वर्षी आणि आठपट ६४व्या वर्षी. आज फलकावर सोडलेली मोकळी जागा तुमच्या अंदाजाच्या खूप आधी भरेल, आणि मग शेवटची नावं बारीक अक्षरांत कोपऱ्यात कोंबावी लागतील. त्यांच्या घरच्यांना ते दिसणारच.

दुसरं कारण म्हणजे होणाऱ्या चुका. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाची गोष्ट मी समितीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. १९८२ साली ते खुलं झालं, आणि त्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर आज ५८ हजारांहून जास्त नावं आहेत. पाठीशी लष्कराचं सगळं दप्तर होतं, तरी जिवंत असलेल्या काही सैनिकांची नावं तिथे कोरली गेली. दगडावरचं नाव खोडता येत नाही.

आमच्याकडून हे कागदावर घडलं. एकाच बॅचमध्ये एकाच नावा-आडनावाचे दोघं होते, वेगवेगळ्या तुकड्यांत. त्यांतला एक गेल्याचं कळलं. कळवणाऱ्याला तुकडी आठवत नव्हती, आम्हीही खोदून विचारलं नाही, आणि स्मरणसभेत पडद्यावर फोटो लागला तो दुसऱ्याचा. त्याची बहीण तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठून बाहेर गेली, तिने भावाला फोन लावला, आणि तो उचलला जाईपर्यंतची दोन मिनिटं आमच्यामुळे तिच्या वाट्याला आली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने मोठ्या मनाने ती दिली. पण तेव्हापासून दोन वेगळे आधार मिळाल्याशिवाय एकही नाव पक्क्या यादीत जात नाही. दोनांपैकी एक आधार घरच्या माणसाचा किंवा लेखी हवा. एकाच ग्रुपवरचा एकच मेसेज पाच जणांनी पुढे पाठवला तर तो एकच आधार.

म्हणून वहीच्या सुरुवातीला प्रत्येक बॅचचा पूर्ण पट उतरवून घ्या आणि नावापुढे तीनच खुणा ठेवा: ‘खात्रीचं’, ‘ऐकीव’, ‘पत्ता नाही’. ‘पत्ता नाही’ म्हणजे गेला असं नव्हे. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण अनेक वर्षं जो कुणाला भेटलेला नाही त्याच्याबद्दल लोक हळूहळू भूतकाळात बोलायला लागतात. ‘ऐकीव’ची यादी दोघांतिघांपलीकडे जाऊ देऊ नका, आणि ग्रुपवर तर टाकूच नका. ‘अमुक गेला असं ऐकलं, कुणाला माहीत आहे का?’ हा मेसेज त्याच्या मुलीपर्यंत किती वेळात पोचेल, सांगता येत नाही.

पट मिळवायला शाळेचं प्रवेश रजिस्टर सगळ्यांत भरवशाचं. परवानगी लेखी मागा, आणि रजिस्टर शाळेतच बसून उतरवून घ्या, घरी नेऊ नका. त्याच्या जोडीला वर्गाचे सामूहिक फोटो. त्या फोटोवर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या नुसत्या बाह्यरेषा काढायच्या, आकडे घालायचे आणि ती प्रत वर्गमित्रांपुढे ठेवायची. नुसती यादी वाचली तर लोक म्हणतात, ‘नाही आठवत.’ फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की म्हणतात, ‘अरे, ही तर शेवटच्या बाकावर बसायची!’

मुलींच्या बाबतीत जास्त कष्ट घ्या. आमच्या पहिल्या यादीत मुली जवळपास नव्हत्याच. लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं, आणि शाळेतल्या नावाने त्यांना ओळखणारं सासरी कुणी नव्हतं. मृत्यूची बातमी नव्या नावाने आली, ती आमच्यापैकी कुणाला लागलीच नाही. त्यावर उपाय एकच सापडला, मैत्रिणी. प्रत्येक मुलीच्या दोन जवळच्या मैत्रिणी कोण, हे विचारत गेलो आणि साखळी जुळत गेली. भाऊ किंवा बहीण दुसऱ्या बॅचमध्ये असेल तर तिकडून. पानावर मोठ्या अक्षरांत शाळेतलं नाव, खाली नंतरचं. तिला शोधत येणारी मैत्रीण माहेरच्या नावानेच शोधणार.

आता कुणाचं नाव घ्यायचं. माझं मत पक्कं आहे: प्रवेश रजिस्टरात ज्याचं नाव एकदा चढलं, तो आपला. शेवटचं वर्ष पूर्ण केलं नाही, मध्येच नाव काढलं, नापास झाला म्हणून शाळा सुटली, बदलीमुळे वर्षभरच होती, हे सगळे आपले. शाळेत असतानाच गेलेली मुलंही. त्यांना ‘माजी’ विद्यार्थी म्हणता येईल का, असा प्रश्न आमच्या समितीत एकदा आला होता. मी विचारलं, मग त्यांना कोण लक्षात ठेवणार? त्यांच्या मागे ना मुलं आहेत, ना नोकरीतले सहकारी. आईवडील आणि वर्ग, एवढंच त्यांचं जग होतं.

बर्लिनच्या किंवा इतर जर्मन शहरांच्या रस्त्यांवर फरसबंदीत बसवलेले पितळी चौकोन तुम्ही चित्रांत पाहिले असतील. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचे, गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ पासून बसवायला घेतलेले, नाझी छळात बळी पडलेल्यांच्या आठवणीचे. २०२३ मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. बहुतेकांवर पहिली ओळ असते ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’. पण काही शाळांसमोरच्या चौकोनांवर ती बदलून ‘इथे शिकत होता’ केलेली आहे. शाळेला म्हणता येण्यासारखं एवढंच असतं, आणि ते पुरेसं आहे. तो पुढे कोण झाला, काय मिळवलं, हे त्यात येत नाही.

आणि जे वाईट मार्गाला गेले? तुरुंगात वारलेल्या एकाचं नाव घ्यायला आमच्याकडे कडाडून विरोध झाला. तेव्हा ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचा दाखला मी दिला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या आठवणीसाठी त्यांच्या प्रार्थनामंदिरात फलक आहे. १९३० मध्ये तिथेच आणखी एक छोटा फलक लागला, तो जर्मनीच्या बाजूने लढून मेलेल्या तीन विद्यार्थ्यांचा. ज्यांच्या सैन्याने आपली मुलं मारली, त्या सैन्यातली ही मुलंही कधीकाळी आपल्या जेवणघरात बसली होती, हे त्या कॉलेजने मान्य केलं. आमच्या त्या विद्यार्थ्याचं पान वहीत आहे. त्यात शाळेची वर्षं आहेत, तुकडी आहे आणि आंतरशालेय स्पर्धेत त्याने मारलेल्या उंच उडीची आठवण आहे. बाकीचं कोर्टाच्या कागदांत आहे, ते तिथेच असू द्या.

सगळ्यांना सारखं माप, याबाबत मी जराही सैल सोडत नाही. युद्धात पडलेल्यांच्या कबरी सांभाळणारा राष्ट्रकुलाचा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला, आणि त्याने सुरुवातीलाच ठरवलं की सेनापती असो वा साधा शिपाई, दगड एकाच आकाराचा. श्रीमंत घराण्यांनी खूप आरडाओरडा केला, पण आयोग बधला नाही. तुमच्याकडे हाच प्रसंग देणगीच्या रूपाने येईल. कुणीतरी मोठी रक्कम पुढे करेल आणि आपल्या वडिलांचं नाव वर, मोठ्या अक्षरांत मागेल. त्यांना शिष्यवृत्ती सुरू करू द्या, ग्रंथालयाला पुस्तकं देऊ द्या, त्यावर नाव खुशाल घाला. वहीतलं पान मात्र सगळ्यांसारखंच. प्रसिद्ध माणसांचंही तसंच. त्यांच्याबद्दल लिहिणारे इतर पुष्कळ असतात.

मृत्यूचं कारण पानावर लिहू नका. कुटुंबाने स्वतःहून सांगितलं आणि लिहायला सांगितलं, तर एका ओळीत. आत्महत्येच्या बाबतीत समित्या दोन टोकांना जातात. एक तर नाव गाळतात, किंवा त्या एकाच मृत्यूवर इतकं भावनिक बोलतात की तो इतरांपेक्षा मोठा ठरतो. दोन्ही चुकीचं. नाव तसंच, पान तेवढंच, वाचन त्याच ओघात. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २००० पासून वेळोवेळी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे, आणि त्यातली मुख्य पथ्यं शाळेलाही लागू पडतात: पद्धत सांगू नका, एकच कारण चिकटवू नका, गौरव करू नका. मृत्यू अलीकडचा असेल आणि त्याचे मित्र अजून शाळेत असतील, तर सभेच्या आधी शाळेच्या समुपदेशकाशी बोला, आणि सभेनंतर त्या मुलांबरोबर कुणीतरी मोठं माणूस थांबेल अशी व्यवस्था करा.

घरच्यांशी पहिलं बोलणं हा या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. ते सचिवाने करू नये, पत्रकाने तर नाहीच. जो वर्गात बरोबर होता त्याने करावं. मृत्यूनंतर निदान काही महिने जाऊ द्यावेत. फोनपेक्षा मला पत्र बरं वाटतं, कारण उत्तर द्यायचं की नाही आणि कधी, हे त्यांच्या हातात राहतं. आमचं पत्र साधारण असं असतं:

‘मी तुमच्या ताईंबरोबर शाळेत पाच वर्षं एका वर्गात होते. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. आमच्या शाळेतल्या, आता नसलेल्या सगळ्या सोबत्यांची एक वही आम्ही ठेवतो. तिच्यात ताईंचं पान असावं असं आम्हा वर्गमैत्रिणींना वाटतं. तुमची इच्छा नसेल तर आम्ही ते करणार नाही, आणि कारण विचारणार नाही. इच्छा असेल तर नाव कसं लिहायचं ते कळवा, आणि शाळेच्या दिवसांतला एखादा फोटो असल्यास त्याची प्रत. ताईंची एक आठवण सोबत लिहून पाठवते आहे. ती तुमच्यासाठी आहे, उत्तराची अपेक्षा नाही.’

शेवटची दोन वाक्यं मी मुद्दाम घातली. घरच्यांकडे मागायला जाताना हातात काहीतरी घेऊन जावं. बायकोने किंवा मुलांनी त्या माणसाला तेरा-चौदा वर्षांचा पाहिलेलाच नसतो. तो मुलगा आपल्याकडे आहे. अनेकदा उत्तर येतं, त्यात फोटोआधी प्रश्न असतो: ‘बाबा शाळेत कसे होते हो?’ कुणी नको म्हटलं तर पान करायचं नाही. आमच्याकडे अशी चार घरं झाली, आणि त्यांतल्या एकाने सात वर्षांनी स्वतःहून फोटो पाठवला.

यावरून पानात काय असावं, तेही ठरतं. पदव्या, हुद्दे, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ यांनी पान भरू नका, त्या शब्दांत सगळे सारखेच दिसायला लागतात. वर्गमित्राला ‘तो कसा होता?’ असं विचारलं की तेच शब्द येतात. त्याऐवजी विचारा: कुठल्या बाकावर बसायचा? त्याला काय म्हणून हाक मारायचे? कुठल्या तासाला घाबरायचा? पावसात शाळेत कसा यायचा? तुमचं भांडण कशावरून झालं होतं? या प्रश्नांची उत्तरं देताना माणसं थबकतात, मग बोलायला लागतात आणि थांबत नाहीत. बोलणं रेकॉर्ड करायला परवानगी घ्या आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा. आमच्या एका पानावर एवढंच आहे, की ती गणिताच्या तासाला खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा वहीवर कुठवर आला हे पाहून घंटा कधी होणार ते सांगायची, आणि बहुधा बरोबर सांगायची. मी तिला कधी भेटले नाही, पण ती मला दिसते.

धर्मानुसार वेगवेगळ्या उपाध्या लावण्यापेक्षा नाव नुसतं लिहा आणि शीर्षकात सगळ्यांसाठी मिळून ‘दिवंगत’ हा एक शब्द ठेवा. जन्मसालाची खात्री नसेल तर शाळेची वर्षं पुरतात.

क्रम कसा लावायचा यावर तुमच्याकडे वाद होईल. अकारविल्हे लावला तर शोधायला सोपं, पण एका वर्गातली मुलं विखुरतात. व्हिएतनाम स्मारकात मृत्यूच्या तारखेचा क्रम आहे, त्यामुळे एकाच दिवशी पडलेले सोबती शेजारी-शेजारी येतात. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली खुल्या झालेल्या ११ सप्टेंबरच्या स्मारकात २,९८३ नावं आहेत. कुणाचं नाव कुणाशेजारी हवं अशा १,२०० हून अधिक विनंत्या कुटुंबांनी केल्या होत्या आणि त्या सांभाळत ती नावं बसवली गेली. शाळेला एवढी यातायात करावी लागत नाही. आपल्याकडे तयार क्रम आहे, हजेरीचा. बॅच, तुकडी, हजेरी क्रमांक. ज्यांची नावं रोज सकाळी एकापाठोपाठ घेतली जायची, ती तशीच राहतात.

वाचनही त्याच क्रमाने. प्रत्येक बॅचची नावं त्या बॅचच्या माणसाने वाचावी, पाहुण्याने नाही. उच्चार घरच्यांकडून आधी पक्के करून घ्या. नाव आणि त्यानंतरचा श्वासभर थांबा धरून पाच सेकंद लागतात, म्हणजे १२० नावांना दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कुणालाही जड जात नाहीत, भाषणं जड जातात, म्हणून भाषणं ठेवू नका. मागे संगीतही नको, नावं ऐकू येऊ द्या. घरच्यांना व्यासपीठावर बोलावू नका. ते आले आहेत एवढं पुरे, बोलायचं असेल तर स्वतः उठतील.

जपणुकीबद्दल थोडक्यात. कागद आम्लमुक्त घ्या, आम्ल असलेला कागद आणि वर्तमानपत्राची कात्रणं काही वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होतात. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा. चिकटपट्टी नको. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलने हलकेच लिहा. ओळखपत्राच्या आकाराचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि मूळ फोटो त्याच आठवड्यात परत करा, हरवला तर दुसरा नसतो. स्कॅनच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक बॅचमागे दोन माणसं नेमा, कारण एकच असेल तर एक दिवस त्याचंच पान करायची वेळ येते आणि त्याच्याकडची माहिती कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे असं दोनदा झालं.

वर्गाच्या ग्रुपवर गेलेल्या मित्राचा नंबर असतो. तो घाईने काढू नका, त्याच्या मुलाला कदाचित तिथलं जुनं बोलणं वाचायचं असेल. त्याला एकदा विचारा. पण तो नंबर कालांतराने अनोळखी माणसाला मिळू शकतो, हेही लक्षात असू द्या.

फलक हवाच असेल तर त्यावर नावं घालू नका. शाळेचं नाव, ‘इथे शिकलेल्या आणि आता नसलेल्या आपल्या सगळ्यांसाठी’ एवढी ओळ, आणि वही कुठे ठेवली आहे ते. नावं कोरायचीच असं ठरलं, तर प्रत्येकाची वेगळी छोटी पट्टी करा, म्हणजे चूक निघाली तर एकच पट्टी बदलता येईल. व्हिएतनाम स्मारकाची कल्पना मांडणारी माया लिन तेव्हा येल विद्यापीठात शिकत होती. तिथल्या एका दालनाच्या संगमरवरी भिंतींवर युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं आहेत. ती जाता-येता त्या नावांवरून बोटं फिरवायची. दगडाची ओढ मला समजते. म्हणूनच आमच्या वहीतली नावं आम्ही उठावाच्या छपाईने घेतली आहेत. बोट फिरवलं की अक्षर लागतं.

तुमच्या समितीत शाळेत असतानाच गेलेल्या मुलांबद्दल कुणी कुरकुर केली, तर त्यांना ही गोष्ट सांगा. चौदाव्या वर्षी गेलेल्या एका मुलाच्या आईला आम्ही पत्र लिहिलं, तेव्हा मृत्यूला ४१ वर्षं झाली होती. त्या स्वतः भेटायला आल्या. त्यांनी फोटो आणला नव्हता, इतिहासाची एक वही आणली होती. बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘त्याच्या शेजारी कोण बसायचं?’ वहीत मधली अकरा पानं वेगळ्याच अक्षरात होती. मुलगा आजारी असताना कुणीतरी ती उतरवून दिली होती. कुणी, हे त्याला विचारायचं राहून गेलं होतं.

शोधायला दोन महिने लागले. तो वर्गमित्र शाळा सोडून दुसऱ्या शहरात गेला होता, आता त्याचे सगळे केस पांढरे झाले आहेत. आला, वही हातात घेतली, आणि चौथ्याच पानावर म्हणाला, ‘हे माझं अक्षर. इथे सन चुकला होता, त्याने नंतर खोडून बरोबर केलाय, बघा.’ आईंनी चष्मा लावून पाहिलं. खोडलेल्या आकड्याच्या वर, बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात बरोबर सन होता. त्या मुलाच्या पानावर आम्ही फोटो लावला नाही, वहीच्या त्या पानाची प्रत लावली आहे.